छोट्या ताटल्यांचं महागडं रेस्टॉरंट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातूर-नांदेडच्या किती तरी घरांतली मुलं आज पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत नोकरीला आहेत. आई-वडील भेटायला गेले की मुलं हौसेनं त्यांना एखाद्या नव्या धर्तीच्या रेस्टॉरंटमध्ये नेतात. मेन्यूवर ‘स्मॉल प्लेट्स’ असं लिहिलेलं असतं, ताटलीत चार घास येतात आणि बिल हजारांत जातं. गावी परतल्यावर त्या जेवणाबद्दल बरंच बोललं जातं. त्यातलं काही खरं असतं, काही ऐकीव. आपल्या माणसांनी तिथे बुजून बसू नये आणि नाहक पैसेही देऊ नयेत, म्हणून एकेक गोष्ट तपासून पाहू.

गैरसमज : एवढीशी ताटली आणि एवढे पैसे, म्हणजे सरळ लूट.

वस्तुस्थिती : ती ताटली एका माणसाची नसते, सगळ्या टेबलाची असते. आपल्या खानावळीत वाढपी पुन्हा पुन्हा येतो आणि पोट भरेपर्यंत आग्रह होतो. इथे पुन्हा वाढणं नाही, प्रत्येक प्लेटचे पैसे वेगळे. त्यामुळे हिशोबही वेगळा करावा लागतो. साधारणपणे माणशी दोन छोट्या प्लेट्स आणि दोघांत मिळून एक मोठा पदार्थ पुरतो. सगळं एकदम मागवू नका. आधी थोडं सांगा, भूक उरली तर पुन्हा मागवा. एका प्लेटमध्ये किती नग येतात, हे आधीच विचारा. टेबलावर चौघं आणि प्लेटमध्ये तीन नग असतील तर चौथा वाढवून मिळेल का, हेही विचारता येतं.

दर जास्त असतात हे खरंच आहे. मोक्याच्या जागेचं भाडं, मोठा कर्मचारीवर्ग आणि एकेका पदार्थामागची मेहनत त्यात धरलेली असते. पण तो दर मेन्यूवर छापलेला असतो. छापील दर पाहून मागवलेल्या पदार्थाला लूट म्हणता येत नाही. कडकडून भूक लागली असेल आणि खिसा सांभाळायचा असेल तर थाळी केव्हाही बरी.

गैरसमज : हे सगळं परदेशी फॅड आहे.

वस्तुस्थिती : स्पेनमध्ये तापास, तुर्कस्तान-लेबनॉनकडे मेझे, चीनमध्ये डिमसम अशा छोट्या पदार्थांच्या परंपरा जुन्या आहेत, आणि सध्याची पद्धत त्यांवरूनच आली. पण मधे पदार्थ ठेवून सगळ्यांनी थोडं थोडं खाणं मराठवाड्याला नवं नाही. आपल्या हुरडा पार्टीत आगटीभोवती बसून कोवळ्या ज्वारीबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं असं सगळं हातोहात फिरतं. स्मॉल प्लेट्सची बैठक त्याच जातीची आहे.

मुंबईत ही पद्धत देशी पदार्थांना लावून दाखवणारं गाजलेलं नाव म्हणजे ‘द बॉम्बे कॅन्टीन’. फ्लॉइड कार्डोझ, समीर सेठ आणि यश भानगे यांनी ते २०१५ मध्ये लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या कार्डोझ यांनी त्याआधी न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ या रेस्टॉरंटमधून भारतीय चवींना मोठा मान मिळवून दिला होता. मार्च २०२० मध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात ‘मास्क’ सुरू झालं. तिथली रीत आणखी वेगळी आहे. शेफनं ठरवलेले पदार्थ एकामागोमाग येतात आणि माणशी ठरलेला दर असतो. तेव्हा जागा राखून ठेवतानाच विचारून घ्या : मेन्यूतून निवडायचं आहे की ठरलेलंच जेवण आहे?

गैरसमज : आपलं गावाकडचं खाणं अशा ठिकाणी कमी दर्जाचं मानतात.

वस्तुस्थिती : उलट, स्थानिक आणि हंगामी माल हाच अशा चांगल्या रेस्टॉरंटांचा अभिमानाचा विषय असतो. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूरच्या शेताशेतांत होणारी भज्जी पाहा. त्या दिवसांत शिवारात असलेले ओले दाणे आणि भाज्याच तिच्यात पडतात. महानगरातला शेफ ‘हंगामी मेन्यू’ म्हणतो तो याहून निराळा नाही. पदार्थ कोणत्या धान्याचा, कुठल्या भागातला, हे तिथे मोकळेपणानं विचारा. त्यातलं बरंच तुम्हाला वाढणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

गैरसमज : इंग्रजी आणि काटे-चमचे आलेच पाहिजेत.

वस्तुस्थिती : हातानं खाल्लं म्हणून कुणी अडवत नाही. मेन्यू समजावून सांगणं हे वाढणाऱ्यांचं कामच आहे. मराठीत विचारा, मुंबई-पुण्यात बहुतेक ठिकाणी मराठीत नाही तर हिंदीत उत्तर मिळेलच. पदार्थ तयार होतील तसे येतात, सगळे एकदम येत नाहीत. तो हलगर्जीपणा नसून तिथली रीत आहे. मात्र लहान मुलांचं आधी आणा, तिखट नंतर आणा, असं सांगता येतं.

शाकाहारी माणसांनी तर विचारायलाच हवं. मेयोनेझमध्ये अंडं असू शकतं, थाई पदार्थांत माशांचा सॉस असतो, काही गोड पदार्थांत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं आणि अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. काय चालत नाही, ते नाव घेऊन सांगा.

गैरसमज : सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो.

वस्तुस्थिती : कर म्हणजे जीएसटी. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांहून जास्त असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो.

सर्व्हिस चार्ज रेस्टॉरंटच्या खिशात जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप घालता येत नाही, दुसऱ्या नावानंही घेता येत नाही आणि न देणाऱ्याला प्रवेश वा सेवा नाकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी या सूचना योग्य ठरवल्या.

एक उदाहरण घ्या. जेवणाचे ३,००० रुपये झाले तर ५ टक्के जीएसटीसह बिल ३,१५० होतं. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला आणि एकूण रकमेवर जीएसटी लावला की तेच बिल ३,४६५ वर जातं. हे ३१५ रुपये द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. सेवा आवडली तर वाढणाऱ्याच्या हातात खुशीनं टीप ठेवा.

गैरसमज : पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे.

वस्तुस्थिती : दुकानात तसंच आहे, पण रेस्टॉरंटमध्ये बसून पिताना नाही. तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवाही दिली जाते, म्हणून छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये दिला. यावर उपाय सोपा आहे. बसल्याबरोबर ‘बाटली नको, साधं पाणी द्या’ असं सांगा. टेबलावर न विचारता आणलेली बाटली उघडू नका.

पैसे देण्याआधी बिल सावकाश वाचा. सर्व्हिस चार्ज नको असेल तर तसं स्पष्ट सांगा आणि तो काढायला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला दर, घटक आणि बिल विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. नांदेडच्या खानावळीत तो जितक्या सहजपणे बजावता, तितक्याच सहजपणे मुंबईतही बजावा.