धरणाआधीचे धरण

शिंप्याने सदरा बेतताना कात्री चुकवली, तर फार तर दोन मीटर कापड वाया जाते. धरणाचा सांडवा बेतण्यात चूक झाली तर? धरण बांधून झाले, जलाशय भरला, पहिल्याच मोठ्या पुरात दारे उघडली आणि मग ध्यानात आले की पाणी भलतीकडेच धडकते आहे! खालच्या गावांनी तेव्हा काय करायचे? धरण काही उसवून पुन्हा शिवता येत नाही. म्हणून ते आधी लहान आकारात बांधतात, त्यावरून खरोखरीचे पाणी सोडतात आणि जे बिघडायचे ते तिथेच बिघडू देतात.

हे काम पाहायचे तर फार लांब जायला नको. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी या कामाची सुरुवात झाली. आज तेथे धरणांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांवर प्रयोग होतात. आमच्या महाविद्यालयाची सहल तेथे गेली, तेव्हा मुले प्रथम हिरमुसलीच. यंत्रांची चकचकीत दालने त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दिसले ते गवंडीकाम, सिमेंटचे डोंगर आणि गुडघाभर उंचीच्या भिंती. पाणी सुरू झाल्यावर मात्र कोणी जागचे हलेना.

आता प्रश्न असा, की एक मीटर उंचीच्या धरणावरून पडणारे पाणी ६४ मीटर उंचीच्या धरणाविषयी काय सांगणार? नुसता आकार लहान केला म्हणजे भागते का? नाही. विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) या इंग्रज अभियंत्याने ही गाठ सोडवली, तीही धरणांसाठी नव्हे, जहाजांसाठी. ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन घाटांची जहाजे त्याने निरनिराळ्या आकारांत बनवून पाण्यात ओढून पाहिली. पुढे टॉर्की येथे त्याने लांबलचक हौद बांधला व त्यात मेणाची जहाजे ओढून मोजमापे घेतली. त्याला आढळले ते असे : प्रतिकृतीचा वेग लांबीच्या प्रमाणात कमी करायचा नाही, लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात करायचा. मग लाटांचे चित्र दोन्हीकडे सारखेच उमटते.

याची खात्री तुम्ही घरी करून घेऊ शकता. दोऱ्याला नट बांधून ६४ सेंटिमीटर लांबीचा लंबक करा. त्याच्या २० आंदोलनांना सुमारे ३२ सेकंद लागतील. आता दोरा चौथा हिस्सा, म्हणजे १६ सेंटिमीटर ठेवा (लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा). वेळ चौथा हिस्सा होत नाही, निम्मा होतो : १६ सेकंद. गुरुत्वाकर्षणाच्या सत्तेखाली चालणाऱ्या सगळ्या हालचालींचा हाच हिशेब आहे.

सांडव्याला तो लावून पाहू. घर्षण सोडून दिले, तर ६४ मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे ताशी १२७ किलोमीटर होतो. एक मीटर खाली आलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर. बरोबर आठपट फरक, आणि ६४ चे वर्गमूळ आठच! लांबी, रुंदी प्रत्येकी ६४ पट लहान आणि वेग आठपट कमी, म्हणून दर सेकंदाला वाहणारे पाणी ६४ × ६४ × ८, म्हणजे ३२,७६८ पट कमी लागते. खऱ्या धरणावरून सेकंदाला ३,००० घनमीटर पाण्याचा पूर जाणार असेल, तर प्रतिकृतीत सेकंदाला सुमारे ९२ लिटर पाणी पुरते. एक तासाचा पूर साडेसात मिनिटांत उरकतो. (चित्रपटांत खेळण्यातल्या बोटींवर वादळ दाखवतात, ते खोटे का वाटते तेही यावरून कळेल. ६४ पट लहान बोटीचे चित्रण आठपट मंद करून दाखवले नाही, तर लाटा अगदी बादलीतल्या वाटतात.)

त्या ३,००० घनमीटर पाण्यात किती शक्ती असते? गणित केले तर सुमारे १,९०० मेगावॉट येते. कोयना प्रकल्पातील सगळ्या टप्प्यांची मिळून विद्युतक्षमता १,९६० मेगावॉट आहे. एवढी शक्ती धरणाच्या पायथ्याशी जिरवायची! ती नीट जिरली नाही, तर पाणी पायथ्याचा खडक खणू लागते. म्हणून सांडव्याच्या तळाशी कुंड करावे की कड वर वळवून पाणी दूर फेकावे, दोन खांबांमधले अंतर किती असावे, हे प्रतिकृतीत पुनःपुन्हा मोडून, पुन्हा बांधून ठरवतात. चूक झाली तर एक पोते सिमेंट गेले, एवढेच.

भरतीओहोटीसुद्धा अशीच आखडता येते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ च्या सुमारास मँचेस्टरला मर्सी नदीच्या मुखाची प्रतिकृती केली, तिच्यात साडेबारा तासांची भरतीओहोटी पाऊण मिनिटाच्या आत आटपत असे. पण वाळू लहान करायला गेले की फसगत होते. वाळूचा कण ६४ पट लहान केला तर ती वाळू राहत नाही, तिचा चिखल होतो आणि तो एकमेकांना चिकटतो. मग लाकडाचा भुसा किंवा कोळशाची पूड यांसारखा हलका पदार्थ वापरावा लागतो.

आमच्या सहलीत एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, धरण लहान केलं, पाणी कमी केलं, मग हवा कमी केली का?” मला तो प्रश्न त्या दिवसातला सर्वांत चांगला वाटला. कारण हवा कोणी कमी केलेली नसते. प्रतिकृतीवरही एक वातावरणाचाच दाब असतो आणि नेमके तेथेच ती आपल्याला फसवू शकते.

सेकंदाला ३५ मीटर वेगाने धावणारे पाणी काँक्रीटच्या लहानशा उंचवट्यावरून गेले, की त्याच्यामागे दाब घटतो. या वेगाला ही घट काही वातावरणांइतकी व्हायला बघते. पण मुळात दाब एकच वातावरण! तो जवळजवळ शून्यावर आला, की थंड पाणीच उकळू लागते आणि बुडबुडे धरतात. पुढे जास्त दाबाच्या जागी हे बुडबुडे फुटतात, ते हातोडीच्या घावासारखे; असे घाव लक्षावधी बसले की काँक्रीट उखडते. प्रतिकृतीत दाबाची घट ६४ पट कमी, म्हणजे वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. बुडबुडे धरतच नाहीत. पाणी शहाण्यासारखे वाहते आणि आपण निर्धास्त होतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात १९४१ साली पाणी सोडले गेले. काही महिन्यांनी पाहतात तो बोगद्याच्या तळाला सुमारे ३५ मीटर लांब, ९ मीटर रुंद आणि १४ मीटर खोल खड्डा! त्याच नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणावर १९८३ च्या उन्हाळ्यात पूर आला, तेव्हा सांडव्याचे बोगदे असेच आतून कुरतडले जाऊ लागले. बोगद्यांतून कमी पाणी सोडावे, तर जलाशय दारांवरून वाहणार. शेवटी दारांच्या माथ्यावर प्लायवूडच्या फळ्या व नंतर पोलादी पत्रे उभे करून पाणी थोपवले गेले. पूर ओसरल्यावर डाव्या बोगद्यात सुमारे १० मीटर खोल खड्डा सापडला.

त्यावरचा उपाय मोठा मजेचा आहे. बोगद्याच्या अस्तरात आडवी खाच ठेवतात, तिच्यातून धावते पाणी आपणहून हवा ओढून घेते. पाण्यात हवा मिसळली की बुडबुडा फुटताना खाली गादी असल्यासारखे होते आणि घाव बोथट होतो. बुडबुड्यांचा अभ्यास करायचा तर प्रतिकृती बंद टाकीत ठेवून आतली हवा विरळ करतात. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीने सुचवले तेच! ग्लेन कॅनियनच्या बोगद्यांना अशा खाचा पाडल्या गेल्या. पण तेवढ्यावर कोणी विसंबले नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये, पूर नसताना मुद्दाम दारे उघडून खऱ्या बोगद्यातून खरे पाणी सोडले, ते बंद केले आणि मग माणसे आत उतरून तळ तपासत गेली. काँक्रीट शाबूत होते.