स्क्रीनशॉटबद्दलच्या ऐकीव गोष्टी

लॅपटॉपवर स्क्रीनशॉट काढताना कॅमेऱ्याचा संबंध येत नाही. पडद्यावरच्या कुठल्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा, याची यादी लॅपटॉपच्या मेमरीत सतत तयार होत असते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा असेल, तर त्या यादीत २० लाख ७३ हजार ६०० नोंदी असतात. स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणाच्या यादीची नक्कल. काचेवर प्रत्यक्ष काय दिसतंय, हे तिच्या गावीही नसतं.

म्हणूनच पडद्यावर उभी रेघ आली की स्क्रीनशॉट काढून दुरुस्तीवाल्याला पाठवणारे गोंधळतात. त्याला चित्र स्वच्छ दिसतं आणि तो म्हणतो, ‘रेघ कुठाय?’ खरं तर ही फुकटची तपासणी आहे. स्क्रीनशॉट दुसऱ्या उपकरणावर उघडून बघावा. त्यातही रेघ असेल तर खोट ग्राफिक्सच्या बाजूला, नसेल तर डिस्प्ले किंवा त्याच्या केबलमध्ये. कमीजास्त केलेला उजेड किंवा रात्री लावलेली पिवळसर छटाही याच कारणाने स्क्रीनशॉटमध्ये सहसा उतरत नाही.

‘बटण दाबलं, पण काहीच झालं नाही’

झालेलं असतं, फक्त दिसत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्टबरोबर प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर छापून यायचा. विंडोजमध्ये ती कळ चित्र क्लिपबोर्डवर ठेवते आणि गप्प बसते. वर्ड, पेंट किंवा ईमेल उघडून कंट्रोल-व्ही केल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि मध्येच दुसरं काही कॉपी केलं तर आधीचं चित्र पुसलं जातं. विंडोज-व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा सुरू करून ठेवला तर शेवटच्या २५ गोष्टी सापडतात. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की मात्र पिन केलेल्या सोडून बाकीच्या जातात.

थेट फाइल हवी असेल तर विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबावी. पडदा क्षणभर मंद होतो आणि चित्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये जातं. तेवढाच तुकडा हवा असेल तर विंडोज-शिफ्ट-एस. छोट्या कीबोर्डवर प्रिंट स्क्रीन दुसऱ्या कळीच्या डोक्यावर बसवलेली असते, तिथे एफएन सोबत धरावी लागते. शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर तीच कळ वेगळी वागते, याचं कारण लॅपटॉपची कंपनी नव्हे: विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये नुसती प्रिंट स्क्रीन दाबली तरी स्निपिंग टूल उघडतं. ते सेटिंग बदलता येतं. मॅकवर ही कळच नाही. तिथे कमांड-शिफ्ट-३ ने पूर्ण पडदा आणि ४ ने निवडलेला भाग थेट डेस्कटॉपवर फाइल होऊन पडतो. क्लिपबोर्डवर हवा असेल तर कंट्रोलही दाबावं लागतं.

हे सगळं डोक्यावरून गेलं की लोक फोन काढून पडद्याचाच फोटो घेतात. रंगीत लाटा, ट्यूबलाइटची चकाकी आणि काढणाऱ्याचं पुसट प्रतिबिंब, असा तो ऐवज ऑफिसच्या ग्रुपवर रोज फिरत असतो.

‘स्क्रीनशॉट पाठवला की अक्षरं फुटतात’

फुटतात, पण काढताना नव्हे, पाठवताना. विंडोज आणि मॅक स्क्रीनशॉट पीएनजी स्वरूपात ठेवतात, आणि पीएनजीमध्ये एकही ठिपका बदलत नाही. व्हॉट्सॲपवर तो फोटो म्हणून टाकला की आकार कमी करताना अक्षरांच्या कडा विरघळतात. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. बारीक अक्षरं मोठी हवी असतील तर स्क्रीनशॉट नंतर ताणून उपयोग नाही. आधी ब्राउझरमध्ये पान कंट्रोल आणि अधिकच्या चिन्हाने मोठं करावं आणि मग काढावा. छापखान्यातून ‘३०० डीपीआयमध्ये द्या’ असा निरोप आला की काहीजण फाइलमधला आकडा बदलून मोकळे होतात. त्याने ठिपके वाढत नाहीत. १९२० ठिपके ३०० डीपीआयने छापले तर ६.४ इंच रुंद येणार, एवढाच त्याचा अर्थ.

‘काळा चौकोन आला म्हणजे लॅपटॉप बिघडला’

ओटीटीवरच्या सिनेमाचा स्क्रीनशॉट काळा येतो, तो मुद्दाम. चोरी रोखण्यासाठी संरक्षित व्हिडिओ अशा वाटेने पडद्यावर पाठवला जातो की नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती तो लागतच नाही. हेच कुलूप सिग्नल या मेसेजिंग ॲपने मे २०२५ मध्ये विंडोज ११ वर आपल्या गप्पांना लावलं. कारण होतं मायक्रोसॉफ्टचं रिकॉल, दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र आपोआप साठवणारी सोय. तेव्हापासून ‘माझा लॅपटॉप गुपचूप फोटो काढतो’ ही धास्तीही ऐकू येते. रिकॉल फक्त कोपायलट प्लस वर्गातल्या लॅपटॉपवर चालतं आणि २०२४ मधल्या टीकेनंतर ते वापरणाऱ्याने स्वतः सुरू करावं लागतं. साध्या लॅपटॉपवर ते नाहीच.

‘कापलं, म्हणजे गेलं’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा समज हा. बँकेच्या पानाचा स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवायचा, खाते क्रमांकाची ओळ क्रॉप करायची आणि फाइल पाठवून द्यायची, हे रोज घडतं. वर्ड आणि पॉवरपॉइंट कापलेला भाग फाइलमध्येच जपून ठेवतात, म्हणजे तुम्हाला मत बदलता यावं. तो समोरच्यालाही परत उघडता येतो. चित्रं कॉम्प्रेस करण्याच्या पर्यायात कापलेले भाग काढून टाकण्याची वेगळी खूण आहे. ती न करता पाठवलेली फाइल म्हणजे नुसती झाकलेली फाइल.

चित्र संपादित करणारं साधनच दगा देऊ शकतं, हे मार्च २०२३ मध्ये दिसलं. गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप साधनात आणि पाठोपाठ विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये एकाच जातीची चूक सापडली. चित्र कापून जुन्याच फाइलवर सेव्ह केलं, तर नवी छोटी फाइल जुन्या मोठ्या फाइलच्या सुरुवातीला लिहिली जायची आणि मागचा उरलेला डेटा तसाच राहायचा. त्यातून कापलेल्या चित्राचा काही भाग परत जुळवता येत होता. अभ्यासकांनी त्याला ‘एक्रोपॅलिप्स’ असं नाव दिलं. अपडेटने चूक दुरुस्त झाली, पण त्याआधी जगभर पाठवलेल्या फाइली अपडेट कशा होणार?

चौकटी-चौकटींचं धूसर आवरणही भरवशाचं नाही. २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने ‘अनरेडॅक्टर’ हे साधन खुलं केलं. ते एकेक अक्षर त्याच फाँटमध्ये लिहून, तसंच धूसर करून मूळ चित्राशी ताडून पाहतं. अक्षरांची ही गत, तर आधारच्या आकड्यांत प्रत्येक जागी फक्त दहाच शक्यता असतात. लपवायचंच तर पेंटमध्ये गडद, अपारदर्शक चौकोन काढून चित्र सेव्ह करावं. वर्डमधला काळा चौकोन मात्र वर ठेवलेली वस्तू असते, माउसने बाजूला सरकते. आधारपुरतं बोलायचं, तर हा उद्योगच टाळता येतो. शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयकडून डाउनलोड करता येतं. आणि सगळं झाकून झाल्यावर एकदा चित्राच्या वरच्या कडेकडेही बघावं. उघड्या टॅबची नावं तिथे मोठ्या थाटात बसलेली असतात.

‘स्क्रीनशॉट आहे, म्हणजे पुरावा आहे’

कुठल्याही संगणकी ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडून पानावरचा मजकूर बदलता येतो. निकालातले ४१ गुण ९१ होतात, बँकेतल्या शिलकीला दोन शून्यं जोडली जातात. बदल फक्त आपल्या पडद्यापुरता असतो, पण त्याचा स्क्रीनशॉट तांत्रिकदृष्ट्या अस्सल निघतो, कारण पडद्यावर खरंच तेच होतं. फोटोशॉपच्या खुणा शोधून काही हाती लागत नाही. फाइलच्या नावातली तारीखही लॅपटॉपच्या घड्याळावरून येते, आणि घड्याळ कुणालाही मागे करता येतं.

डिजिटल सातबाऱ्याचंही असंच होतं. १५ रुपये भरून मिळणाऱ्या उताऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी पीडीएफ फाइलच्या आत असते. पडद्यावर दिसते ती तिची पाटी. स्क्रीनशॉट काढला की पाटी येते, स्वाक्षरी मागेच राहते. चित्रात पडताळणी क्रमांक वाचता येत असेल तर घेणाऱ्याने तो सरकारी संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा पाहावा. देणाऱ्याने मुळात पीडीएफच द्यावी.

‘मग कोर्टात स्क्रीनशॉट चालतच नाही’, हे दुसरं टोकही चूक. या बाबतीतला महत्त्वाचा निकाल आपल्याकडच्याच प्रकरणातला आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला चालला. वाद उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओ चित्रणाचा होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ बी चं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर करून साक्ष दिली, तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी हे मूल्य बदलतं. त्यामुळे ऑनलाइन फसवणूक झाली, की १९३० वर फोन करण्याबरोबरच स्क्रीनशॉट जरूर काढावा, पण मूळ ईमेल, मेसेज आणि पानाचा पूर्ण पत्ता जिथल्या तिथे ठेवून. आणि त्या फाइलवर लाल गोल काढायचाच असेल, तर तो दुसऱ्या प्रतीवर.