चाकांवरचे घर : धावताना गाडी, थांबल्यावर घर

सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात गाडी लागण्यावरच्या गोळ्या मागणाऱ्यांची गर्दी होते. हल्ली त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने मिळते. आईला पाठीमागे आडवे झोपवून अष्टविनायक करून आणले तर चालेल ना?"

या गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, कधी संडासही. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना ती सोयीची आहे, यात शंका नाही. पण एक नियम मनात पक्का असावा. ती धावत असते तेव्हा गाडी असते आणि उभी राहिल्यावरच घर होते. या दोन्हींची गल्लत झाली की जिवावर बेतते.

गाडी धावत असताना

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. करकचून ब्रेक लागला की गाडी थांबते, पण पलंगावरचे माणूस त्याच वेगाने पुढे फेकले जाते. मान, बरगड्या, खुबा यांना इजा होते. हाडे ठिसूळ झालेल्या आजीचा खुबा मोडायला एवढा धक्का पुरतो. म्हणून गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा असलेल्या आसनावरच बसावे आणि पट्टा लावावा. पट्टा न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण खरा दंड शरीर भरते. ज्यांना बसवतच नाही, त्यांना यात्रेला नेऊ नये. उपचारांसाठी न्यायचे असेल तर रुग्णवाहिका करावी.

चालत्या गाडीत चहासुद्धा करू नये. उकळते पाणी अंगावर सांडून भाजते. कुकर, डबे, कळशी कपाटात बंद ठेवावी. धक्का बसला की तीच डोक्यात बसतात. सिलिंडरची चावी निघण्यापूर्वी बंद करावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर गाडीच्या तळाशी साठतो. वास आला तर बटणांना हात न लावता दारे उघडावी आणि सर्वांना खाली उतरवावे.

तासन्‌तास बसल्याने पायांतील रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका असतो. दर दोन तासांनी थांबून पाच-दहा मिनिटे चालावे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये.

गाडी उभी राहिल्यावर

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा धूर आत शिरून विषबाधा झाल्याचे तपासात आढळले.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. माणसाला वाटते, प्रवासाचा शीण असेल. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर शीण समजू नका. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी आहे, पण या विषबाधेत त्याचा आकडा फसवा असतो. ९८ दिसले तरी रुग्णालयात न्यावेच.

यावर उपाय साधा आहे. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून कधीही झोपू नका. आत कोळशाची शेगडी पेटवू नका. दोन समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. मुक्काम महामार्गाच्या कडेला नव्हे, तर धर्मशाळेच्या किंवा हॉटेलच्या आवारात परवानगी घेऊन करा.

चालकाची प्रकृती

गाडीत पलंग आहे म्हणून रात्रभर प्रवास करावासा वाटतो. पण पलंगावर झोपणारे वेगळे आणि गाडी चालवणारा वेगळा! पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर डुलकी हमखास येते. ताशी ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून ६५ मीटरहून अधिक प्रवास. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी हे झोपेवरचे उपाय नव्हेत. झोपेवर झोप हाच उपाय.

सर्दीच्या आणि गाडी लागण्यावरच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. त्या चालकाने घेऊ नयेत. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवून गाडी चालवू नये. हात थरथरले, घाम फुटला तर गाडी बाजूला घेऊन लगेच साखर खावी. मद्याबाबत कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माझी मर्यादा शून्य आहे.

चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. "ओळखीचे आहात, नुसती सही करा," असा आग्रह मला नेहमी होतो. मी डोळे तपासल्याशिवाय आणि फिट्स येतात का हे विचारल्याशिवाय सही करत नाही. त्यावरून काही मंडळी रुसतात. रुसू द्या! त्या सहीवर गाडीतल्या सगळ्यांचा जीव असतो.

कागदपत्रे

जुन्या टेम्पोत गाद्या आणि शेगडी बसवून कॅराव्हॅन होत नाही. नोंदणीपुस्तकाशी विसंगत बदल परवानगीविना केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. गाडी भाड्याने घेताना नोंदणीपुस्तक, विमा, परमिट आणि चालकाचे लायसन्स पाहावे. नोंदवलेल्या आसनांपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. गाडीची उंचीही विचारून घ्यावी. गावातली कमान आणि रेल्वेचा पूल तिला अडवू शकतो.

तर निघण्यापूर्वी पाच गोष्टी बघा : सगळ्यांचे पट्टे लागले का, सिलिंडर बंद आहे का, चालकाची झोप झाली का, औषधांची पिशवी हाताशी आहे का, आणि रात्रीचा मुक्काम ठरला का. पाचही उत्तरे "हो" आली, की खुशाल नारळ फोडा आणि निघा!