घरगुती वीजजोडणीतील अधूनमधून उद्भवणारे दोष व त्यांचे निदान : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

घरातील वीज पूर्णपणे बंद पडली तर कारण शोधणे तुलनेने सोपे असते. फ्यूज वितळलेला असतो, वायर तुटलेली असते किंवा पुरवठाच खंडित झालेला असतो. परंतु दिवा क्षणभर मंद होऊन पूर्ववत होणे, ठरावीक वेळीच एमसीबी पडणे, कूलरला हात लागताच कधी झिणझिण्या येणे तर कधी न येणे, हे दोष वायरमन घरी येतो तेव्हा नेमके नाहीसे झालेले असतात. ‘आता तर सगळे ठीक आहे’ असे म्हणून तो परत जातो आणि काही दिवसांनी त्याच ठिकाणी वायर जळते. प्रस्तुत लेखात अशा दोषांचा विचार जळगाव व धुळे जिल्ह्यांतील हवामान आणि जमीन लक्षात घेऊन केला आहे.

येणारा-जाणारा दोष हा भार, उष्णता, ओल किंवा हालचाल यांपैकी कशावर तरी अवलंबून असतो. म्हणून ‘बिघाड कोठे आहे’ यापूर्वी ‘बिघाड केव्हा होतो’ हे विचारावे लागते. आठ-दहा दिवस एका वहीत वेळ, त्या वेळी चालू असलेली उपकरणे, ऊन-पाऊस, आणि परिणाम एका खोलीत झाला की संपूर्ण घरात, एवढे टिपून ठेवले तरी निम्मे निदान होते.

सैल सांधा

अशा दोषांचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे सैल सांधा. समजा, एखाद्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून गिझरचा १० अँपिअर प्रवाह गेला, तर विद्युतदाब केवळ ५ व्होल्टने घटेल. दिव्यात एवढा फरक क्वचितच जाणवतो. मात्र त्या सांध्यात ५० वॅट उष्णता निर्माण होईल, म्हणजे बोर्डाच्या आत एक सोल्डरिंग आयर्नच सतत तापत राहील. प्रवाह मर्यादेतच असल्याने फ्यूज वा एमसीबी यांना याची कल्पना येत नाही. जुन्या घरांतील अ‍ॅल्युमिनियमच्या वायरला नवी तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडलेली असते. दोन्ही धातूंचे प्रसरण वेगवेगळे असते, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि सांधा हळूहळू ढिला होतो.

दिवा मंद होतो म्हणून स्टॅबिलायझर विकत घेण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. दोष घरातील सांध्यात असेल तर हा उपाय उलटतो. कमी दाब वाढवून देताना स्टॅबिलायझर वायरमधून अधिक प्रवाह ओढतो व तोच सांधा अधिक तापतो.

न्यूट्रलचा दोष

सांधा न्यूट्रलमध्ये सैल झाला तर प्रश्न गंभीर होतो. तीन फेजच्या वाहिनीवरील न्यूट्रल तुटला आणि पुढे वेगवेगळ्या फेजवरील दोनच घरे राहिली असे समजू. एका घरात ४०० वॅटचा व दुसऱ्यात १६०० वॅटचा भार आहे. आता ही दोन घरे एकसरीत येऊन ४०० व्होल्टवर चालू लागतात. कमी भाराच्या घराला सुमारे ३२० व्होल्ट व जास्त भाराच्या घराला सुमारे ८० व्होल्ट मिळतात. एका घरात दूरदर्शन संच जळतो, शेजारी पंखाही फिरत नाही. न्यूट्रल पूर्ण न तुटता ढिला असेल, तर हाच खेळ वाऱ्याबरोबर किंवा भाराबरोबर अधूनमधून होतो. मोठे उपकरण चालू करताच काही दिवे मंद व काही प्रखर होत असतील, तर दोष न्यूट्रलचाच समजावा, मुख्य स्विच त्वरित बंद करावा व वीज वितरण कंपनीस कळवावे. खांब व सर्व्हिस वायर यांना खाजगी वायरमनने हात लावू नये. नुसत्या टेस्टरवर येथे विसंबू नये. न्यूट्रल तुटलेला असताना सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटू शकतो.

उन्हाळा व एमसीबी

एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घरगुती एमसीबीची प्रवाहमर्यादा मात्र ३० अंश तापमान गृहीत धरून ठरविलेली असते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरील पेटीतील एमसीबी त्यामुळे नोंदलेल्या प्रवाहाच्या आतच पडू शकतो. तो दुपारी पडतो व रात्री टिकतो, यास दोष म्हणणे योग्य नाही. त्या जागी अधिक क्षमतेचा एमसीबी बसविणे हा मात्र निश्चित दोष होय, कारण वायर तीच राहते.

जमीन, ओल व गळती

तापी खोऱ्यातील काळी जमीन उन्हाळ्यात सुकते, भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. नेमका हाच कूलरचा हंगाम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम झाला असता कूलरच्या पत्र्याला फेज लागली, तर जमिनीत सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर पडणार नाही व पत्रा जिवंत राहील. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे उपयुक्त असले तरी पुरेसे नाही. ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी येथे अत्यावश्यक आहे. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढून ठेवावी, हे वेगळे सांगावयास नको.

आरसीसीबी अकारण पडतो अशी तक्रार असते. ती बहुधा खरी नसते. भारनियमनाच्या काळात अनेक घरांत घाईने इन्व्हर्टर बसविले गेले व दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले. जिन्यातील दिव्याला दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल दिलेला असेल, तर तो दिवा लावताच आरसीसीबी पडतो. शिवाय अनेक उपकरणांची थोडी थोडी गळती एकत्र येऊनही मर्यादा ओलांडली जाते. दोषी उपकरण शोधताना केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल व अर्थ यांमधील गळती तशीच राहते. प्रत्येक पिन सॉकेटबाहेर काढावी, आरसीसीबी चढवावा आणि एकेक उपकरण जोडत जावे. सर्व पिना काढूनही तो पडत असेल, तर दोष भिंतीतील वायरमध्ये आहे. अशा वेळी परवानाधारक वायरमनकडून, पुरवठा बंद ठेवून, ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचा विद्युतरोधक मोजून घ्यावा, आणि शक्य असल्यास ही मोजणी भिंती ओल्या असताना, म्हणजे पावसाळ्यात करावी.