दाढेची फिर्याद

आमचे आजोबा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि ज्या गृहस्थाने हयातभर इतरांची प्रकरणे मुदतीच्या आत निकालात काढली, त्याने स्वतःच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचे प्रकरण मात्र तब्बल तीन वर्षे तहकूब ठेवले होते. दाढ ठणकू लागली की आजी फडताळातून लवंगा काढी, त्या कुटून कापसाच्या बोळ्यात घालून देई. तेवढ्याने भागले नाही तर अक्कलकाढ्याचा तुकडा दाढेखाली धरायला सांगे. मग कोमट पाण्यात तुरटी घालून गुळण्या होत. आणि अखेरीस गाल सुजून लिंबाएवढा झाला म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत उपरण्याची पट्टी आवळून आजोबा त्याच ध्यानात कचेरीत रुजू होत. “अहो, एकदाची काढून तरी टाका ती,” असे आजी विनवी, त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, की दाढ उपटली म्हणजे डोळे जातात.

हा समज आजही पुष्कळ सुशिक्षित घरांत ऐकू येतो, म्हणून त्याचा निकाल आधीच लावून टाकतो. दातांच्या वेदना मेंदूकडे नेणारी शीर आणि डोळ्यांनी पाहिलेले मेंदूकडे नेणारी शीर या दोन सर्वस्वी स्वतंत्र आहेत, आणि दाढ काढल्याने दृष्टी मंदावते याला काडीचाही आधार नाही. ज्या वयात दाढा पडू लागतात त्याच वयात चष्म्याचा नंबर वाढू लागतो, एवढ्या योगायोगावर ही भीती पिढ्यानुपिढ्या पोसली गेली.

अखेर 1959 च्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका आठवडी बाजारी, आजोबांनी शरणागती पत्करली. मी आठ वर्षांचा होतो आणि छत्री धरण्यासाठी मला बरोबर नेले होते. वडाच्या पारावर एका तांबड्या फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून, त्यालाच आपली सनद समजून, तो दात काढणारा बसलेला असे. त्याने आजोबांना पाटावर बसवले, त्याच्या साथीदाराने मागून डोके दोन्ही हातांनी घट्ट धरले, तोंडात काळपट चिमटा गेला, आणि ज्यांच्या आवाजाने कचेरीतले शिपाई उभे राहत त्या माझ्या आजोबांच्या तोंडून जो स्वर निघाला तो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता व पुढेही कधी ऐकला नाही. आठ आणे मोजून, मिठाच्या पाण्याने चूळ भरून, ते घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या मनात दातांच्या इलाजाविषयी जी दहशत बसली ती त्या पारावर बसली, आणि ती उतरायला मला साठ वर्षे लागली.

असे असले तरी दातांची विद्या आपल्याकडे अशी पारावरची नव्हती. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या 65 सांगितली असून त्यांत ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख असे सात विभाग पाडले आहेत. किडलेल्या दाताला तेथे कृमिदंत म्हटले आहे, दातांवर साठणाऱ्या कठीण थराला दंतशर्करा हे नाव आहे, आणि शस्त्रांच्या यादीत दंतशंकू नावाचे हत्यारही आहे. दंतधावनाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, कडू काड्यांत निंब उत्तम, तुरटांत खैर उत्तम, इतक्या बारकाव्याने ज्यांनी लिहिले त्यांच्या वंशजांनी दात घासायला चुलीतली राख आणि राखुंडी हाती घ्यावी, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

कृमिदंत या शब्दातला कृमी मात्र जगभर भटकलेला आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरही दातातल्या किड्याला हुसकून लावण्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून, आणि आपल्याकडे रिंगणीच्या बियांनी, दुखऱ्या दाताला धुरी देत. धुरी झाली की भांड्यातल्या पाण्यात बारीक पांढरे किडे पडलेले दाखवले जात, आणि रुग्णाला पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळे. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोवळे अंकुर असत. फ्रान्समधील प्येर फोशार या शल्यवैद्याने, ज्याच्या 1728 मधील ग्रंथापासून आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ मानतात, सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासून पाहिले आणि आपल्याला तेथे किडा काही आढळला नाही असे नोंदवले. खरा गुन्हेगार पकडला जायला आणखी दीडशेहून अधिक वर्षे गेली. विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये काम करून 1890 मध्ये दाखवून दिले, की तोंडातले सूक्ष्म जंतू आपण खाल्लेल्या साखरेचे आणि पिठाळ पदार्थांचे आम्ल बनवतात व ते आम्ल दात विरघळवते. मराठीने तरीही “दात किडला” हा प्रयोग सोडला नाही, आणि सोडण्याचे कारणही नाही.

याच ठिकाणी आजोबांच्या तीन वर्षांच्या दिरंगाईचे मर्म आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असून त्यात संवेदना नाही. त्यामुळे कीड त्याला भोक पाडत असते तेव्हा दाताचा धनी निवांत पेढे खात असतो. कवचाच्या आतल्या थरात कीड उतरली की थंड पाण्याने शिणक येते, आणि ती आपण बहुधा मनावर घेत नाही. पुढे ती अगदी आतल्या गाभ्यात, जेथे रक्तवाहिन्या आणि शिरा आहेत तेथे पोहोचली म्हणजे मग रात्री दोन वाजता माणूस अंथरुणात उठून बसतो. म्हणजे दाढ आपली फिर्याद दाखल करते तेव्हा लूट केव्हाच होऊन गेलेली असते. “दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला जायचे?” हा प्रश्न व्यवहारात कितीही शहाणपणाचा असला तरी दातांच्या बाबतीत सपशेल चुकतो.

पण नुसती वेदनेची भीती म्हणाल, तर ती घालवण्याचे श्रेय दंतवैद्यांनाच जाते, आणि ही हकीकत सांगावी तितकी थोडी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी 10 डिसेंबर 1844 रोजी हास्यवायूचा एक करमणुकीचा खेळ झाला. त्यात वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय आपटून रक्तबंबाळ झाला आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगून व्यवसायबंधूकडून आपली दाढ काढवून घेतली, आणि ती निघाल्याचे त्याला कळले नाही. पुढल्या महिन्यात बोस्टनमध्ये विद्वानांसमोर प्रयोग करताना वायूची पिशवी वेळेआधी दूर झाली, रुग्ण ओरडला, आणि वेल्सची भर सभेत हेटाळणी झाली. त्याचा शिष्य व एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच, याने 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी करून जगभर कीर्ती मिळवली. वेल्सने 1848 च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्मघात करून घेतला. पोटावरील वा मेंदूवरील ज्या शस्त्रक्रिया आज गाढ झोपेत होतात, त्यांचा उगम एका दाढेशी आहे हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

आज हिरडीत जी सुई टोचतात तिच्यातले लिडोकेन हे औषध 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. दात कोरण्याचे यंत्र 1871 पासून शिवणाच्या यंत्राप्रमाणे पायाने चालवीत. 1957 मध्ये हवेच्या झोताने मिनिटाला सुमारे तीन लाख फेरे घेणारे यंत्र बाजारात आले, आणि जे काम पूर्वी घरघरत अर्धा तास चाले ते मिनिटांवर आले. त्याची किंकाळी मात्र कानाला अजून सोसत नाही.

हिंदुस्थानात या विद्येला कॉलेजची पायरी मिळाली ती कलकत्त्यास, 1920 साली, डॉ. रफिउद्दीन अहमद यांच्या उद्योगाने; मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 साली निघाले. तोवर शहरांतून पिढीजात चिनी दंतवैद्य, नाभिक, आणि गुरूच्या हाताखाली कवळ्या बनवायला शिकलेले कारागीर हेच जनतेचे आधार होते. 1948 च्या कायद्याने नोंदवही सुरू झाली, आणि पदवी नसलेल्या पण पाच वर्षे याच धंद्यावर गुजराण केलेल्यांसाठी त्या नोंदवहीत स्वतंत्र ‘ब’ भाग ठेवला गेला. सरकारी कायद्यात इतका समंजसपणा क्वचित आढळतो. आमच्या पारावरच्या इसमाचे नाव त्यात होते की नव्हते, ते देव जाणे.

मी स्वतः दवाखान्याची पायरी चढलो तो सत्तरीच्या उंबरठ्यावर, सुनेने आधी वेळ ठरवून टाकली म्हणून. दार उघडताच एक वास आला आणि मी जागच्या जागी थबकलो, कारण तो आजीच्या फडताळाचा वास होता. डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा समजले, की लवंगेच्या तेलातले युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून केलेले सिमेंट ते आजही दातात तात्पुरते भरतात. त्या मुलीने, कारण ती माझ्या नातीच्या वयाची होती, सुई टोचण्यापूर्वी हिरडीवर बधिर करणारे मलम लावले आणि म्हणाली, “काका, थोडंसुद्धा दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.” आजोबांचे डोके धरणारे ते दोन हात मला आठवले. तासाभरात माझ्या दाढेचा सडलेला गाभा बारीक सुयांनी काढून, आतल्या नळ्या धुऊन, पुढच्या दोन खेपांत त्यांत गटापर्चा, म्हणजे मलायाकडील एका झाडाचा चीक, भरून वर टोपी बसवण्यात आली. डावा हात मी एकदाही वर केला नाही.

गावाकडे मात्र अद्याप तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना चोळणाऱ्या बायका मी पाहतो. तिने दाताचा ठणका क्षणभर बधिर होतो हे खरे, पण तोंडाचा कर्करोग ती आपल्या हाताने बोलावून आणते. आजोबांजवळ अज्ञानाची सबब होती. तालुक्याच्या गावी दंतवैद्याची पाटी असताना आज ती चालणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला दर सहा महिन्यांची तारीख लावून दिली आहे. पुढची येत्या मंगळवारी आहे. सध्या दुखत काहीच नाही.