हलवून खुंटा बळकट

खुंटा रोवला की शेतकरी त्याच्यावर उभा राहून पाहत नाही; हाताने धरून हलवून पाहतो. बैल खुंट्याला दाबत नाही, ओढतो. ‘हलवून खुंटा बळकट’ हे आपण माणसांच्या व्यवहाराबद्दल म्हणत असलो, तरी मुळात ती आडव्या बळाची परीक्षा आहे. पुलाच्या किंवा इमारतीच्या पायासाठी जमिनीत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबाची, म्हणजे पाईलची, परीक्षाही अशीच होते.

आडवे बळ काय करते, हे धाराशिव जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. सास्तूर परिसरातल्या जाड दगडी भिंतींनी माळवदाच्या मातीचा भार वर्षानुवर्षे पेलला होता. धरणी आडवी हलली आणि मातीत रचलेले दगड सुटले. वरचा भार पेलणे आणि बाजूचा धक्का सोसणे, ही दोन निराळी सामर्थ्ये आहेत.

पाईलचा उभा भार तळाचा थर आणि अंगाभोवतीचे घर्षण पेलते. आडवा भार मुख्यतः वरच्या काही मीटरांतल्या मातीवर येतो. आखूड खांब खुंट्यासारखा सबंध कलंडतो. लांब खांबाचे खालचे टोक जागचे हलत नाही, तो वरच्या भागात वाकतो. बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये हिशेब मांडला तो हाच भेद धरून. म्हणून एका मर्यादेपुढे लांबी वाढवून उपयोग नसतो. व्यास दुप्पट केला, तर मात्र खांबाचा ताठपणा सोळापट होतो.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. कंद खांबाला उपटू देत नाही. पण आडव्या बळाचा निकाल वर, भेगांच्या थरातच लागतो.

चाचणीची रीत भारतीय मानक २९११ च्या चौथ्या भागात आहे. दोन खांबांमध्ये जॅक आडवा बसवून टप्प्याटप्प्याने दाब वाढवतात आणि डायल गेजवर सरकणे मोजतात. समजा, खांब ५ मिलिमीटर सरकायला ९ टन लागले आणि १२ मिलिमीटरला १६ टन. दुसऱ्याचा निम्मा, म्हणजे ८ टन. ९ आणि ८ यांत कमी तो सुरक्षित भार : ८ टन. इमारतीसाठी याहून कमी सरकणे ठरवून दिले असेल, तर त्याचाही भार तपासतात.

परंतु वैशाखातली टणक माती भाद्रपदात तशी राहत नाही. शिवाय भूकंप एकदाच ढकलून थांबत नाही. पुन्हापुन्हा मागेपुढे हलवतो, आणि खांबाभोवती फट पडते. हलवल्याने खुंट्याची परीक्षा होते. फार हलवला तर तो सैलच होतो. म्हणून गावात शाळा किंवा दवाखाना पाईलवर उभा राहत असेल, तर अहवालातल्या टनांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी : चाचणी कोणत्या महिन्यात घेतली?