रोटर नवा, पण बेअरिंग-सील जुनेच?

खरिपाची मशागत तोंडावर आली की तालुक्याच्या गावात वर्कशॉपपुढे रोटाव्हेटरची रांग लागते. कुणाचा रोटरचा पाइप वाकलेला असतो, कुणाच्या फ्लँजा वेल्डिंग करून करून जीर्ण झालेल्या असतात. कुणाला हलका रोटर काढून पऱ्हाट्या आणि तुरीचे खुंट सहज फोडणारा जड रोटर बसवायचा असतो. खर्च मोठा, म्हणून शेतकरी बांधव रोटर आणि पाती पारखून घेतात. पण दोन्ही टोकांची बेअरिंगं आणि ऑइल सील मात्र "चालतंय अजून" म्हणून तशीच ठेवतात.

याला कारणही आहे. बहुतेक रोटाव्हेटरमध्ये रोटरचा पाइप दोन्ही टोकांना बोल्टनं स्टब शाफ्टला जोडलेला असतो. बोल्ट काढले की रोटर खाली येतो, बेअरिंगला हात लावायची गरजच पडत नाही. मिस्त्रीचं काम लवकर आटोपतं, मालकाचे पैसे वाचतात. मात्र नवा रोटर जास्त वजनाचा असतो, पाती नवी म्हणून जमिनीत पूर्ण लांबीनं घुसतात, आणि हा सगळा मार त्याच जुन्या बेअरिंगवर येतो.

आमच्या भागातल्या एका शेतकरी गटाच्या अवजार बँकेत असंच झालं. मे महिन्यात नवा रोटर बसवला आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर, भाड्याची यादी भरलेली असताना, साईड गिअर बसला. गटाचे अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तेल जरा पाझरत होतं, पण एवढ्यानं काय होतंय असं वाटलं." पाझरणारं तेल संपलं, सीलच्या फटीतून माती आत गेली, आधी बेअरिंग गेलं आणि त्याच्या पाठोपाठ गिअरचे दात. सील हा या यंत्रातला सगळ्यात स्वस्त भाग. त्याच्यापायी ऐन हंगामात यंत्र उभं राहिलं, आणि यादीतले शेतकरी दुसरीकडे गेले ते वेगळंच.

सील खराब होतं ते मुख्यतः गुंडाळलेल्या वस्तूंमुळे. सुतळी, पोत्याचे धागे, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद, उसाचं पाचट, हे सगळं फिरत फिरत रोटरच्या टोकाला जाऊन घट्ट बसतं. तिथे ते घासून तापतं आणि सीलच्या रबरी ओठाला कापतं. भाताच्या पट्ट्यात, म्हणजे कोकणात किंवा भंडारा-गोंदियाकडे, चिखलणीत रोटरची टोकं तासन् तास गाळात बुडालेली असतात. तिथे सीलची परीक्षा आणखी कडक. म्हणून संध्याकाळी रोटाव्हेटर सोडताना टोकाचे धागे कापून काढायचे, हे ड्रायव्हरला बजावून ठेवलं पाहिजे.

रोटर खोलण्याआधी थोडी तपासणी करावी. ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट सोडवलेला आणि रोटाव्हेटर लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला असावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याच्याखाली कुणी जाऊ नये. मग पहारीनं रोटरचं टोक वर-खाली उचलून पाहावं. खट्‌ वाजलं, ढिलेपणा हाताला जाणवला, की बेअरिंग गेलं किंवा त्याची बैठक गेली. साईड केसच्या खाली माती तेलानं काळी आणि ओली दिसली तर सील गेलं. ड्रेन बोल्ट काढल्यावर तेल दुधासारखं पांढुरकं निघालं तर आत पाणी शिरलंय. तेलात चकचकीत कण असतील तर गिअरही उघडून पाहावे लागतील.

खोलताना एक नवी सोय सगळ्यांच्या खिशात आहे, ती वापरावी. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. काही रोटाव्हेटरमध्ये दोन सील असतात. एक तेल आत राखायला, दुसरं चिखल बाहेर ठेवायला. कोणाचं तोंड कुणीकडे होतं हे दोन दिवसांनी मिस्त्रीलाही आठवत नाही.

आता खरेदी. बेअरिंगवरचा नंबर नीट वाचून घ्यावा. साध्या बॉल बेअरिंगमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो (०४ पासून पुढच्या नंबरांना हा हिशोब लागू). ६२०८ म्हणजे ८ गुणिले ५, ४० मिलिमीटर. ६३०८ चं भोकही ४० च, पण ६२०८ चा बाहेरचा व्यास ८० मिलिमीटर आणि जाडी १८, तर ६३०८ चा ९० आणि २३. दुकानदारानं "हे जास्त मजबूत आहे, घ्या" म्हटलं तरी ते जुन्या घरात बसणार नाही. नंबरापुढची अक्षरंही महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, सी-३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त. जे होतं तेच मागावं. सीलवर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. नकली बेअरिंगचा सुळसुळाट असल्यानं अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्यावं.

सर्वात जास्त नुकसान बसवताना होतं. बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब आतल्या कड्यावर यायला हवा, घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलं तर हातोड्याचा प्रत्येक ठोका गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर खळगे पडतात. नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं आणि दोष कंपनीवर जातो! आतल्या कड्याच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन त्यावर हलके, सारखे ठोके द्यावेत. प्रेस असेल तर उत्तमच. उघडं बेअरिंग तेलाच्या डब्यात ८० ते १०० अंशांपर्यंत तापवलं की अलगद सरकतं. झाकणाचं बेअरिंग मात्र तेलात बुडवू नये, आतलं ग्रीस जातं. गॅसची ज्योत तर कुठल्याच बेअरिंगवर धरू नये.

शाफ्टची बैठक झिजलेली असेल तर बरेच मिस्त्री सेंटर पंचनं ठोके मारून तात्पुरती घट्ट करतात. हे आठवडाभराचं काम. बैठक वेल्डिंगनं भरून लेथवर मापात आणावी, नाहीतर स्टब शाफ्टच बदलावा. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर नख फिरवून पाहावं. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे, आणि नवं सीलही तिथून गळणार. अशा वेळी पातळ स्लीव्ह चढवावी, किंवा घरात जागा असल्यास सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणावा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवायची. ओठाला तेल लावल्याशिवाय सील सरकवू नये, कोरडं सील पहिल्याच फेऱ्यात जळतं.

एक गोष्ट फार कमी ठिकाणी पाहिली जाते. गिअरबॉक्सवर एक छोटा श्वास-बोल्ट असतो, त्याला ब्रीदर म्हणतात. तो चिखलानं बुजला की तेल तापल्यावर आतला दाब कुठे जायचा? तो सीलमधूनच वाट काढतो. दोन-दोन वेळा सील बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी ब्रीदर साफ करून पाहा.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. रोटर जागेवर असताना फ्लँजला वेल्डिंग मारायचं आणि अर्थिंगची पक्कड रोटाव्हेटरच्या सांगाड्याला लावायची, ही पद्धत सर्रास दिसते. करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात. पक्कड रोटरलाच, वेल्डिंगच्या शेजारी लावावी. शक्यतो रोटर काढूनच वेल्डिंग करावं.

पाती जुळवताना क्रम चुकवू नये. डावी-उजवी पाती नागमोडी क्रमानं असतात, म्हणजे सगळी एकदम जमिनीवर आपटत नाहीत. क्रम चुकला किंवा अर्धी नवी, अर्धी झिजलेली बसवली की रोटर हादरे देतो आणि ते थेट बेअरिंगला भोवतं. बोल्ट कंपनीच्या ग्रेडचेच घ्यावेत.

ग्रामपंचायत, सोसायटी किंवा गटाच्या अवजार बँकेचं काम पाहणाऱ्यांना एक विनंती. भाड्याच्या रजिस्टरमध्ये नाव आणि तासांबरोबर "तेल पाहिलं", "धागे काढले" असे दोन रकाने आखून घ्या, ड्रायव्हरची सही घ्या. कोणत्या तारखेला बेअरिंग-सील बदललं, कोणत्या नंबरचं, हेही तिथेच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सचिव बदलला तरी नंबर शोधत फिरावं लागत नाही.

काम झाल्यावर कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं तेल लेव्हल बोल्टपर्यंत भरावं. डेड एंडला ग्रीस निपल असेल तर दोन-तीन स्ट्रोक पुरे, गन जोरात मारली तर सीलचा ओठ उलटतो. रोटाव्हेटर उचलून, माणसं लांब ठेवून, काही मिनिटं रिकामा फिरवावा. मग ट्रॅक्टर बंद करून दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. कोमट लागलं तर ठीक; हात टेकवतच नसेल तर बेअरिंग वाकडं बसलंय किंवा कुठे तरी घासतंय, तसं शेतात नेऊ नये. पहिल्या दिवसाच्या कामानंतर रोटरचे आणि पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि तेलाची पातळी एकदा पाहावी.